एक उभी रेघ, एक शून्य

नूतनला पाहायला नवल साक्रीला गेला तेव्हा तिच्या मामाने त्याला सात प्रश्न विचारले आणि नवलने सात शब्दांत मामाला मोकळं केलं. काय करता? शिकवतो. काय शिकवता? कॉम्प्युटर. कुठे? जळगावला. पगार? पुरतो. शेती? आहे. व्यसन? नाही. मुलीला काही विचारायचं का? नको. मामा हात धुवायच्या निमित्ताने मागच्या दारी गेला आणि म्हणाला, पोरगा भला दिसतो, पण त्याचं आवाजाचं बटण तुटलेलं आहे. नूतन पोह्यांच्या बशा विसळत होती. ती म्हणाली, चालेल. त्या घरात आई, मामा, दोन मावश्या आणि आजी असे पाच जण एकाच वेळी बोलायचे आणि ऐकणारी ती एकटी. आपलं ऐकणारा कोणी मिळतोय म्हटल्यावर तिने त्याचं नाक, उंची, पगार यातलं काही पाहिलं नाही.

आता सोळा वर्षं झाली. नवल पुरता ऐकतो, यात तिची तक्रार नाही. पण शेजारणी विचारतात, तुमचे हे घरात तरी बोलतात का? तेव्हा नूतन पदराने हसू झाकते आणि सांगते, "यास्ना तोंडले कुलूप शे, नि किल्ली आबास्नी हिरमा टाकी दिन्ही."

आबा म्हणजे नवलचे वडील, वना आबा. आणि विहिरीत किल्ली टाकल्याचं ती थट्टेने म्हणत असली तरी गोष्ट खोटी नाही. वना आबांनी चाळीस वर्षं साक्रीच्या पश्चिमेकडच्या काळ्या दगडात विहिरी खोदल्या. एक गडी तळाशी सुरुंगाचा फुटलेला दगड भरायचा, दुसरा काठावर, दगड वर ओढायच्या यारीपाशी. तळातून लांब वाक्य बोललं तर ते कडांवर आपटत वर येतं आणि शब्द एकमेकांच्या पाठीवर चढून बसतात. काठावरच्याला नुसता घूं घूं ऐकू येतो. असं भरभरून बोलणाऱ्या एका गड्याचा पाय विहिरीत गेला, असं आबा सांगतात. म्हणून विहिरीत शब्द तीनच. ओढ. सोड. थांब. आबांना ती सवय लागली ती घरीही सुटली नाही. जेवताना वाढ, पुरे, ऊठ. नवल त्या घरात वाढला. बोरदऱ्यात, डोंगराच्या अंगाला टेकलेल्या सव्वाशे घरांच्या गावात, या बापलेकांच्या ओट्यावर दोघे तासभर बसले तर रस्त्याने जाणाऱ्याला वाटायचं, भांडण झालंय.

दहावीत गणिताला चांगले मार्क पडले, पुढे धुळ्याला डिप्लोमा केला आणि नवल जळगावला एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायला लागला. बस स्टँडमागच्या गल्लीत, पत्र्याच्या छपराखाली चौदा कॉम्प्युटर. मे महिन्यात आत इतकं तापायचं की कॉम्प्युटर स्वतःहून बंद पडायचे आणि पोरं टाळ्या वाजवायची. कमी बोलणारा मास्तर पोरांना आवडेल असं कोणाला वाटलं नव्हतं, पण आवडला. तो फळ्यावर एक ओळ लिहायचा, पोरांना चुकू द्यायचा, मग ज्या अक्षरावर चूक असेल त्याच्याखाली नुसतं बोट ठेवायचा.

तिथेच त्याला ते वेड लागलं. जगभरातली माणसं एका वेबसाइटवर असल्या शर्यती लावतात. काम ठरवून दिलेलं असतं. जो सगळ्यांत कमी अक्षरांचा प्रोग्राम लिहून ते काम करून दाखवेल तो पहिला. बक्षीस म्हणून एक रुपया नाही. कोणाला सांगायला गेलं तर तो विचारतो, मग करायचं कशाला. नवलला मात्र पहिल्या दिवशीच माहेरी आल्यासारखं वाटलं. इथे जगातली सगळी कमी बोलणारी माणसं जमली होती आणि ज्याचं कमी त्याला मान होता.

त्यातल्या एका शर्यतीने त्याचे आठ दिवस खाल्ले. काम अगदी बाळबोध. आकडा द्यायचा, त्यातला अपूर्णांक काढून टाकायचा आणि पूर्ण आकड्यावर खाली उतरायचं. सेहेचाळीस पॉइंट सातचे सेहेचाळीस. हे करायचा एक सरळ, पुस्तकी हुकूम आहे. पोरांना तो दुसऱ्या आठवड्यात शिकवतात. टिंब आणि कंस धरून तेरा अक्षरं. नवल तेरावरून नऊवर आला, नऊवरून पाचवर. आठव्या दिवशी दुपारी, छप्पर तापून कडकड वाजत असताना, त्याने आकड्यापुढे एक उभी रेघ मारली आणि रेघेपुढे एक शून्य ठेवलं.

x|0

तीन अक्षरं. अपूर्णांक गळून पडला. त्या दिवशी जळगावात पारा सेहेचाळीस पॉइंट सातवर होता, म्हणून त्याने तोच आकडा घालून पाहिला होता. मग कालचा, परवाचा, सगळ्या आठवड्याचा घालून पाहिला. बरोबर. वेबसाइटवर टाकल्यावर कळलं की ही युक्ती आधीच एकशे चाळीस जणांना सुचलेली आहे. पण अक्षरं सारखी असली की नंबर सारखा, त्यामुळे पहिल्या क्रमांकावर एकशे एक्केचाळिसावं नाव नवलचं लागलं. संध्याकाळी घरी येऊन त्याने नूतनला सांगितलं. तिने कणीक मळता मळता विचारलं, किती अक्षरं? तीन, तो म्हणाला. ती म्हणाली, लग्नात तुम्ही माझं नाव घेतलंत तेही तीनच अक्षरांचं होतं, आणि त्याच्यापुढे काही नव्हतं.

एकदा कधीतरी तो खूश दिसला म्हणून तिला बरं वाटलं, एवढंच.

टाळेबंदीत क्लास बंद पडला तो पुन्हा उघडला नाही. नवल बोरदऱ्याला परत आला आणि ग्रामपंचायतीच्या शेजारी एक गाळा घेऊन त्याने सातबारा, दाखले, पीकविम्याचे फॉर्म असलं काम सुरू केलं. नूतन अंगणवाडीत लागली. आबांनी थकून दगडकाम सोडलं होतं, पण त्यांचा दोर अजून खुंटीला होता. सुताचा, बोटाएवढा जाड, एका टोकाला दगड आणि मीटरामीटरावर गाठ. चाळीस वर्षं त्यांनी त्याच दोराने लोकांच्या विहिरींचं पाणी मोजलं. आता टेप आले होते, त्यांना कोणी बोलवत नव्हतं.

टेप आणला तो धुळ्याच्या एका पाण्याच्या संस्थेने. त्याला कारण झालं होतं. एका वर्षी गावाने एकूण एक रानात उन्हाळी भुईमूग पेरला. एप्रिलच्या मध्याला विहिरींनी तळ दाखवला, शेंगा भरल्याच नाहीत, वेल उपटून गुरांना घातले आणि मे महिन्यात माणसांसाठी टँकर आला. त्यानंतर गावाने मारुतीच्या पारावर बसून नियम केला. पौषातल्या अमावास्येला गावच्या चौतीस विहिरी मोजायच्या. अमावास्येला इकडे कोणी बैल जुंपत नाही, मोटारी बंद असतात, पाणी निवांत उभं असतं. जमिनीपासून दहा मीटरवर किंवा त्याच्या वर पाणी असलेल्या विहिरी वीस किंवा जास्त निघाल्या, तर सगळ्यांनी भुईमूग पेरायचा. वीसच्या आत आल्या, तर प्रत्येकाने निम्म्या रानात. नियम मोडणाऱ्याच्या मोटारीची वायर काढायची. पाणी समितीचे पुढारी रुपचंद भाऊ. गोरेपान, मोठ्या आवाजाचे, त्यांनी हाक मारली की दोन गल्ल्यांतली कुत्री उठून उभी राहायची.

मोजायचं काम बायकांच्या बचत गटाने अंगावर घेतलं. नूतन त्यात पुढे. दोघी दोघी जायच्या, टेप सोडायच्या, मोबाइलवर आकडा भरायच्या. संस्थेची समीक्षा धुळ्याहून महिन्यातून एकदा यायची. पंचविशीची, बारीक, हेल्मेट काढल्याबरोबर कामाचं बोलायला लागणारी. तिच्या तक्त्यात जमीन म्हणजे शून्य होती आणि पाणी जमिनीखाली असल्यामुळे प्रत्येक आकड्यामागे वजाचं चिन्ह. तिने नवलला विचारलं, दादा, गावासाठी कागद काढाल का? पॉइंटमधले आकडे नकोत, त्याच्यावरून लोक भांडतात. पूर्ण आकडा द्या, खालच्या बाजूला उतरवून. आणि वजाचं चिन्ह कागदावर नको, म्हातारी माणसं दचकतात.

नवल हो म्हणाला. आणि सहा वर्षांनी त्याला ती रेघ नि ते शून्य आठवलं. ज्याला लोक रिकामपणाचा उद्योग म्हणत होते, त्याला आज गावात काम मिळालं होतं. त्याने तीन अक्षरं लिहिली. तपासायला जळगावचं ते जुनं सेहेचाळीस पॉइंट सात घातलं, त्याच्यानंतर बेचाळीस पॉइंट तीन. खानदेशात जन्मलेल्या माणसाने आकडा म्हणून आणखी कुठला आठवायचा? आमच्याकडे शून्याच्या खाली काही जातं हे कोणाच्या स्वप्नात येत नाही. थंडीच्या कडाक्यातसुद्धा पेपरात सात-आठ अंश छापून येतात आणि लोक स्वेटर शोधतात.

पहिलं वर्ष निभावलं. पाऊस दणकून झाला होता, विहिरींचं पाणी पाच-सहा मीटरवर होतं, कसंही मोजलं तरी निकाल तोच. दुसऱ्या वर्षी पाऊस मधेच रुसला. पौषातल्या अमावास्येला बायका सकाळपासून दुपारपर्यंत रानोरान हिंडल्या. नवलने कागद काढून ग्रामपंचायतीच्या भिंतीला डकवला. दहा किंवा त्याच्या वर पाणी असलेल्या विहिरी तेवीस. रुपचंद भाऊंनी पारावरून हाक दिली, सगळ्यांनी पेरा. दुसऱ्या दिवशी धुळ्याहून बियाणं आलं आणि त्यांच्या खळ्यात पोत्यांची थप्पी लागली. सोमवारी पेरणी सुरू करायची असं ठरलं.

बुधवारी सकाळी वना आबा काठी टेकत गाळ्यावर आले. सहसा येत नाहीत. एका हातात दोराची गुंडाळी, ओली. त्यांनी ती टेबलावर ठेवली, फॉर्म भरायला आलेल्या माणसाचं आधार कार्ड भिजलं.

"तुना कागद दहा सांगस," आबा म्हणाले. "मन्हा दोर अकरा सांगस."

नवल म्हणाला, दोर जुना झाला, ताणला असेल. एवढं बोलून तो पुन्हा फॉर्मकडे वळला. आबा हलले नाहीत.

"दोर जुना शे. डोया बी जुना शेतस. पन ओली गाठ ओलीच ऱ्हास."

फॉर्मवाला माणूस हसला. नवलला हसू आलं नाही, कारण बापाने एका दमात तीन वाक्यं बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याने गाळ्याला कुलूप लावलं, घरून टेप घेतला आणि आबांबरोबर आपल्या विहिरीवर गेला. टेप सोडला. दहा पॉइंट सहा. नूतनने अमावास्येला भरलेला आकडाही तोच होता. टेप बरोबर, बायको बरोबर. मग दोर पाहिला. ओल दहाव्या गाठीच्या बरीच खाली, अकरावीच्या वर थांबली होती.

इथे सांगायला हवं की आबा दोर कसा वाचत. दोराचं वरचं टोक काठाशी धरून दगड पाण्यात बुडेपर्यंत दोर सोडायचा, मग वर ओढायचा. काठाच्या टोकापासून ओल लागेपर्यंत गाठी मोजायच्या. पाणी नेमकं गाठीवर कधीच नसतं. दोन गाठींच्या मधेच असतं. तेव्हा कुठली गाठ धरायची यावर चाळीस वर्षांत आबांचं मत बदललं नव्हतं. ते त्यांनी काठावर बसून पुन्हा सांगितलं.

"दोन गाठीस्ना मजार पानी उनं ते खालनी गाठ धरानी. वरनी धरी तो फसस."

खालची गाठ, म्हणजे दहा आणि अकराच्या मधलं पाणी अकराचं. विहीर खोदणारे, मोटार बसवणारे, पाइप विकणारे सगळे हेच धरतात. वरची गाठ धरून पाइप घेतला तर तो पाण्याच्या वर लोंबकळतो. समीक्षाने खालच्या बाजूला उतरवा म्हटलं ते यासाठीच. आणि भिंतीवरच्या कागदाने वरची गाठ धरली होती.

नवलने टेप गुंडाळला. मग उठून गाळ्यावर आला आणि कॉम्प्युटरला वजा दहा पॉइंट सहा दिलं. रेघेने आणि शून्याने पॉइंटपुढचं कापलं आणि वजा दहा दाखवलं. कापलं होतं खरं, उतरवलं नव्हतं. शून्याच्या वरचा आकडा कापला की तो खाली येतो. शून्याच्या खालचा कापला की वर चढतो. त्याने जुनी वेबसाइट उघडून ती शर्यत शोधली. कामाच्या खाली बारीक अक्षरात अट होती, फक्त शून्यावरचे आकडे दिले जातील. सात वर्षांपूर्वी त्याने ती वाचली होती. तीन अक्षरं लक्षात राहिली, अट विसरली.

त्याने पुस्तकी हुकूम घातला, तेरा अक्षरांचा, आणि चौतीस विहिरी पुन्हा चालवल्या. नऊ विहिरी दहाच्या खाली घसरल्या. तेवीसच्या चौदा झाल्या. म्हणजे निम्मं रान. आणि सोमवारी गाव सगळं पेरणार होतं.

तो रुपचंद भाऊंच्या खळ्यात गेला आणि त्यांना कागद दाखवला. भाऊंनी चष्मा लावला, पोत्यांच्या थप्पीकडे पाहिलं, चष्मा काढला. ते वाईट माणूस नाहीत. पण गावाला हो म्हणून सांगून झालं होतं आणि लोकांची तोंडं उजळलेली त्यांनी पाहिली होती. ते म्हणाले, बायांच्या हातून टेप सैल सुटला असेल, होतं असं. आता कागद हलवू नकोस, पुढच्या अमावास्येला पाहू. नवलने मान हलवली, ती हो ची की नाही ची हे भाऊंना कळलं नाही आणि ते ट्रॅक्टरवाल्याशी बोलायला लागले.

पुढच्या अमावास्येला शेतात भुईमूग उगवून आलेला असणार होता.

गुरुवारपर्यंत आबांच्या दोराची गोष्ट चहाच्या टपरीवर पोचली आणि तिथे तिला पाय फुटले. नूतन अंगणवाडीतून आली ती पिशवी आपटून. टपरीवर लोक म्हणत होते, बायांना काय मोजता येतंय, म्हाताऱ्याच्या दोराला जे कळलं ते यांच्या टेपाला कळलं नाही. गटातल्या मंदाबाईंनी टेप ग्रामपंचायतीच्या दारात फेकून यायचं ठरवलं होतं. दोन वर्षं उन्हातान्हात, काट्याकुट्यांतून फिरलो त्याचं हे, असं नूतन बोलत राहिली आणि नवल ऐकत राहिला. ती थांबल्यावर त्याने कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला आणि त्या तीन अक्षरांखाली बोट ठेवलं, जळगावच्या क्लासात ठेवायचा तसं.

नूतनला प्रोग्राम कळत नाही. पण ते बोट तिला कळलं. तिने आपटलेली पिशवी उचलून खुंटीला अडकवली. मग तिने विचारलं, हे तुम्ही गुपचूप दुरुस्त करून ठेवलं तर? तो म्हणाला, पेरतील. ती म्हणाली, आणि सांगितलंत तर बोलावं लागेल. सगळ्यांसमोर. त्याने पुन्हा मान हलवली.

नूतनने समीक्षाला फोन लावून सगळं सांगितलं आणि फोन नवलच्या हातात दिला तेव्हा समीक्षा म्हणाली, तक्ता मीही तपासायला हवा होता, दादा. रविवारी मी येते, काहीतरी तांत्रिक अडचण होती असं मीच सांगते, तुमचं नाव नको यायला. नवल म्हणाला, नको. मी सांगतो. समीक्षाने नंतर नूतनला विचारलं, दादा फोनवर दोन वाक्यं बोलले, बरे आहेत ना?

रविवारी सकाळी ग्रामपंचायतीसमोर लोक जमले. बायका एका बाजूला ओट्यावर, मंदाबाईंच्या मांडीवर टेप. रुपचंद भाऊंनी सुरुवातीलाच सांगितलं की मोजणीबद्दल उगाच चर्चा चालू आहे, लांबवू नका, उद्या पेरणी आहे. तेवढ्यात नवल उठला. त्याच्या हातात आबांचा दोर होता आणि पाण्याचा तांब्या. गाव त्याच्याकडे लग्नात बँड बंद पडल्यासारखं पाहायला लागलं. त्याने दोराचं एक टोक ओट्याच्या खांबाला बांधलं, दोर जमिनीवर सरळ पसरला आणि खांबाकडून गाठी मोजत गेला. दहावी गाठ ओलांडून थोडं पुढे, अकरावीच्या अलीकडे, त्याने तांब्यातलं पाणी ओतलं. ओला डाग दोन गाठींच्या मधे पडला. मग त्याने डागावर बोट ठेवून रुपचंद भाऊंना विचारलं, "भाऊ, पानी आठे शे. कोनती गाठ?"

रुपचंद भाऊंच्या स्वतःच्या तीन विहिरी. त्यांनी विचारसुद्धा केला नाही.

"अकरा. आनखी कोनती?"

"कागदनी दहा धरी," नवल म्हणाला. "नऊ हिरीस्नी."

तांब्यात उरलेलं पाणी तो प्यायला. मग बोलला, आणि थांबत थांबत, विहिरीच्या तळातून बोलावं तसा एकेक तुकडा वेगळा करत बोलला. "बायास्नी बरोबर मोजं. टेप बरोबर शे. आबास्ना दोर बरोबर शे. चूक मन्ही शे. माले कमी अक्षरमा लिवानी हौस, तीन अक्षर लिखात, नि ते वरनी गाठ धरतस हाई मी देखंच नही. तेवीस नहीत. चौदा शेतस."

पुढचं त्याने भिंतीपाशी जाऊन दाखवलं. जुना कागद काढला, नवा लावला, नऊ विहिरींची नावं वाचली. त्यातली एक त्याची स्वतःची होती, एक रुपचंद भाऊंची.

गलका झाला. कोणी म्हणालं, बियाणं आणलंय त्याचं काय करायचं. कोणी म्हणालं, अर्ध्या मीटरने काय आभाळ पडतंय. मागून एक जण ओरडला की मास्तरला दंड करा. मंदाबाईंनी मांडीवरचा टेप उचलून कडेला बसलेल्या टपरीवाल्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, जा, आता तू मोजून ये. टपरीवाला हसायला गेला, पण त्याच्या बाजूला बसलेलं कोणी हसलं नाही. रुपचंद भाऊ मात्र नवलकडे पाहत राहिले होते. त्यांचा आवाज आज प्रथमच गल्लीपुरता निघाला.

"इतला वरीस तू बोलना नही. नि बोलना ते आमना भुईमूगच कापी टाका."

लोक हसले. त्या हसण्यात गाव निम्म्या रानावर आलं. नियम नियम आहे, असं कोणी तरी म्हणालं, आणि टँकरच्या वर्षाची आठवण निघाली. त्या वर्षी रांगेत कोणाची घागर फुटली, कोणी कोणाला काय बोललं, हे सगळं पुन्हा उगाळून झाल्यावर अर्धं बियाणं परत पाठवायचं ठरलं. वना आबा आपला दोर सोडवून, पिळून, गुंडाळून घरी घेऊन गेले. वाटेत त्यांना दोन जणांनी विचारलं, आबा, आमची विहीर पाहाल का एकदा? त्यांनी मान हलवली.

घरी नूतनने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. तिने विचारलं, नवीन हुकूम किती अक्षरांचा? तेरा, तो म्हणाला. फारच लांब झाला की, ती म्हणाली. त्याने घास चावून संपवला आणि सांगितलं की तेरा अक्षरांचा तो हुकूम दोन्हीकडे खालची गाठ धरतो, शून्याच्या वर असो का खाली, म्हणूनच तो पोरांना आधी शिकवतात, आणि आपण इतकी वर्षं शिकवूनही त्याच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. नूतनने भाकरी उलथताना हात थांबवला आणि ऐकलं.

लोकांनी नवलला माफ केलं असं नाही. पेरणी निम्मी झाली, निम्मं रान पडीक तापत राहिलं आणि ज्याच्या त्याच्या डोळ्यांत ते रिकामं रान खुपलं. फेब्रुवारी, मार्चभर गाळ्यावर येणारे टोमणे मारून जात. फॉर्म भरताना नाव पूर्ण लिहा हो मास्तर, तीन अक्षरांत उरकू नका. रुपचंद भाऊ तर गाळ्यासमोरून जाताना बाजूच्या भिंतीकडे पाहत जात. पुढच्या अमावास्यांना नवल स्वतः बायकांबरोबर फिरला. नूतन टेप सोडायची, तो लिहून घ्यायचा आणि कागद चिकटवण्याआधी चौतीस आकडे बोटाने एकेक करून तपासायचा.

एप्रिलच्या मध्याला बहुतेक विहिरी तेरावर गेल्या. बोरदऱ्याच्या विहिरींचा तळ चौदावर. निम्म्या रानातला भुईमूग हिरवागार होता आणि एक दिवसाआड अर्धा तास मोटार चालली की त्याचं भागत होतं. जुन्या टँकरच्या वर्षी याच दिवसांत वेल उपटले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोंडावर कोणी आणलं नाही. आपल्याकडे झालेलं नुकसान चार वर्षं बोललं जातं, टळलेल्याची चर्चा होत नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात शेंगा निघाल्या. एका सकाळी नवल गाळ्यात पीकविम्याचा फॉर्म भरत होता. रुपचंद भाऊ आले. खांद्यावर एक गोणी होती, मातीने माखलेली, तोंड न शिवलेली. त्यांनी ती टेबलाच्या कडेला उतरवली. ओल्या शेंगांचा वास गाळाभर पसरला. नवलने वर पाहिलं. भाऊंनी टोपी काढून घाम पुसला, भिंतीवरचा वैशाखी अमावास्येचा कागद वाचला, आपल्या विहिरींच्या आकड्यांवर क्षणभर थांबले, टोपी घातली आणि निघून गेले. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, एक शब्द नाही.

दुपारी त्याने गोणी घरी आणली. नूतनने मोठ्या पातेल्यात मीठ घालून शेंगा उकडायला ठेवल्या. आबा ओट्यावर दोराला नवी गाठ मारत बसले होते, जुनी झिजली होती. गोणी कोणी दिली, भाऊ काय म्हणाले, नूतनने विचारलं. काहीच नाही, नवल म्हणाला. तिने झाकण उचलून एक शेंग दाबून पाहिली, शिजली का म्हणून.

"आते बठ्ठं गाव तुमनामायक व्हई गयं," गावालाही आपल्या नवऱ्यासारखं कुलूप लागलं म्हणून हसत ती म्हणाली आणि पहिली परात सासऱ्यांपुढे ठेवली.

आबांनी शेंग फोडली. तीन दाणे, भरलेले. त्यांनी ते तोंडात टाकले, चावले आणि परात हाताने जरा जवळ ओढली.

"वाढ," ते म्हणाले.